आधी वही काढ

प्रिय बाय,

पत्र मिळालं. रत्नागिरीत राहून बी.कॉम. करायचं, मुंबईला जाऊन स्पोर्ट्स मॅनेजमेंट घ्यायचं की बी.पी.एड. करून शाळेत लागायचं, असे तीन रस्ते तू मांडलेस. बाबांचं म्हणणं लिहिलंस, दादानं पाठवलेली मुंबईच्या संस्थेची जाहिरातही जोडलीस. पण सगळ्या पत्रात आकडा एकही नाही. फी किती, मुंबईत राहण्याजेवणाचे किती, इंटर्नशिप किती महिन्यांची आणि त्यात पैसे मिळतात का, पदवीवर कुणाचा शिक्का, यातलं काहीच नाही. हिशोब हाच ज्या कामाचा कणा आहे ते शिकायला निघालीस, आणि वही कोरी. बारावी कॉमर्स केलेल्या मुलीनं तरी असं करू नये.

आधी गुंता सोडवू. बी.पी.एड. हा पदवीनंतरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे आणि तो शारीरिक शिक्षण शिक्षक होण्यासाठी आहे. प्रशिक्षक व्हायचं तर पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा (एनआयएस) डिप्लोमा, तो रस्ता निराळा. स्पोर्ट्स मॅनेजमेंटमध्ये स्पर्धेचं नियोजन, प्रायोजकत्व, मैदानाची व्यवस्था, खेळाडूंचे करार, क्रीडा कायदा आणि हिशोब एवढं येतं. तू कबड्डीत उजवा कोपरा उत्तम सांभाळतेस म्हणून हे तुला जमेल, असं मुळीच नाही. कोपऱ्यातल्या खेळाडूला चढाईवाल्याचा पाय दिसतो, व्यवस्थापकाला जनरेटरमधलं डिझेल दिसावं लागतं.

आता ती जाहिरात. 1956 च्या विद्यापीठ अनुदान आयोग (यूजीसी) कायद्यानुसार पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठाला आहे, खासगी संस्थेला नाही. म्हणून पहिला प्रश्न हा, की प्रमाणपत्रावर नाव कुठल्या विद्यापीठाचं असेल आणि या वर्षीच्या संलग्नतेचं पत्र दाखवता का. तोंडी उत्तर घेऊ नकोस. दुसरा प्रश्न, मागच्या तुकडीतले किती जण पास झाल्यावर वर्षभरानंतरही याच क्षेत्रात आहेत. 'शंभर टक्के प्लेसमेंट' म्हणाले तर कंपनीचं नाव, पद आणि कराराचा कालावधी माग. लीगमधलं बरंचसं काम हंगामापुरतं असतं. हंगाम संपला की करार संपतो आणि मुंबईतलं भाडं चालूच राहतं. हे तीन कॉलम आखून लिही: खर्च, मिळकत, रिकामे महिने. जाहिरातीवरच्या खेळाडूचा फोटो कुठल्याच कॉलममध्ये बसत नाही, हे तुझं तुलाच दिसेल.

माझं मत विचारलंस तर सांगतो, पटो न पटो. रत्नागिरीतच बी.कॉम. कर. अकाउंट्स आणि कंपनी कायदा पक्का होऊ दे. ती तीन वर्षं दर हंगामात कुणाची ना कुणाची स्पर्धा हाताखाली घे. मग पदव्युत्तर स्पोर्ट्स मॅनेजमेंटला जा, पुण्यात सिंबायोसिसचं एमबीए आहे, मुंबईतही सोय आहे. तोपर्यंत तुझ्या हातात तीन हंगामांच्या वह्या असतील. मुलाखतीत बाकीचे आवडीबद्दल बोलतील, तू वही उघडशील.

वहीत काय लिहायचं ते सांगतो. साध्या कबड्डी स्पर्धेपासून सुरुवात कर. समज, 24 संघ आले. बाद पद्धतीत सामने एकूण संघांपेक्षा एकानं कमी, म्हणजे 23. पुढची दोनाची घात संख्या 32, त्यातून 24 वजा केले की 8, म्हणून पुढे चाल, म्हणजे पहिली फेरी न खेळता थेट दुसरी, 8 संघांना. उरलेल्या 16 संघांचे पहिल्या फेरीत 8 सामने, मग 8, 4, 2, 1. पुरुषांचा सामना 20 मिनिटांचे दोन डाव आणि मध्ये 5 मिनिटं विश्रांती, म्हणजे 45 मिनिटं. टाइमआउट, दुखापत आणि संघांची ये-जा धरून एक तास. रात्री दहाला लाऊडस्पीकर बंद करावा लागतो, 2000 सालचे ध्वनिप्रदूषण नियम आहेत. दुपारी चारला सुरू करून दोन मैदानांवर दिवसाला 12 सामने होतात. पहिल्या दिवशी 12, दुसऱ्या दिवशी 11. झालं की दोन दिवसांत!

थांब. दुसऱ्या दिवसाचं नीट बघ. त्या संध्याकाळी उपउपांत्यपूर्व, उपांत्यपूर्व, उपांत्य आणि अंतिम असे चार सामने अंतिम फेरीतल्या एखाद्या संघाला सहा तासांत खेळायचे आहेत. हे कागदावर बसतं, पायांत बसत नाही. गुडघे जातात ते अशाच संध्याकाळी, आणि लोक म्हणतात नशीब. शिवाय यात उद्घाटन नाही, पाहुणे नाहीत, शाल-श्रीफळ नाही. सत्कार हा आपल्याकडचा न छापलेला सामना असतो, त्याला वेळापत्रकात स्वतःची ओळ दे आणि अर्धा तास दे. मग तुझ्या लक्षात येईल की एक तर तिसरा दिवस हवा, नाहीतर 16 च संघ घ्यायला हवेत. गावोगाव पहाटे चारला फायनल होते ती हौसेनं नव्हे, हा भागाकार कुणी केलेला नसतो म्हणून.

मैदानाचंही तसंच. 2014 ला प्रो कबड्डी सुरू झाली आणि मातीतले मंडळवाले मॅट मागायला लागले. पुरुषांचं मैदान 13 बाय 10 मीटर, महिलांचं 12 बाय 8. एक मीटरच्या चौरस मॅट धरल्या तर पुरुषांना 130 आणि महिलांना 96 लागतात. पण फक्त तेवढ्याच आणल्यास तर बाहेर फेकला गेलेला खेळाडू कडेच्या जांभ्यावर आपटेल. चारही बाजूंना निदान दोन मीटर सोडलेस तर 17 बाय 14, म्हणजे 238 मॅट. भाड्याचा आकडा जवळपास दुप्पट होतो, आणि मंडळ नेमकं इथेच काटकसर करतं. तू करू द्यायची नाहीस.

किनाऱ्यावर आणखी एक भानगड आहे, दव. डिसेंबर-जानेवारीत रात्री नऊनंतर उघड्यावरच्या मॅटवर ओल धरते. डोळ्यांना दिसत नाही. तळहात फिरवलास की कळतं. चढाईवाला वळताना सरळ घसरतो, घोटा मुरगळतो. उपाय महाग नाही: मॅटवर मांडव किंवा ताडपत्रीचं छत, चार कोरडे मॉप, दोन मुलं फक्त पुसायला, दर सामन्याआधी आणि मध्यंतरात. बर्फ, क्रेप बँडेज, स्प्लिंट आणि स्ट्रेचर मैदानालगत. 108 ला फोन करता येतो, पण घाटातून गाडी यायला किती वेळ लागेल तो आकडाही वहीत लिही आणि जवळचं हाडाचं हॉस्पिटल आदल्या दिवशी सांगून ठेव. मुलींचे संघ बोलावलेस तर कपडे बदलायची बंद खोली आणि चालू नळाचं स्वच्छतागृह. हे जमत नसेल तर बोलावू नकोस.

हिशोब म्हणजे फक्त पैशाचा, असं समजू नकोस. मालवणला चिवला बीचवर समुद्रातल्या पोहण्याच्या स्पर्धा होतात, तिथे एकदा स्वयंसेवक म्हणून जा. पाण्यातल्या स्पर्धेचा सगळ्यात महत्त्वाचा आकडा एकच: किती जण उतरले आणि किती जण बाहेर आले. दंडावर मार्करनं नंबर, उतरताना यादीवर खूण, बाहेर येताना दुसऱ्या माणसाकडून दुसऱ्या यादीवर खूण. मध्येच सोडून होडीत चढलेल्याची तिसरी यादी. तिन्ही जुळेपर्यंत एकही होडी परत जात नाही. नवखे लोक होडीची यादी विसरतात, मग एक माणूस कमी भरतो आणि किनाऱ्यावर आरडाओरडा होतो. तो बिचारा टपरीवर चहा पीत असतो. तारीख ठरवताना भरती बघ. आपल्याकडे तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण निघते, चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. दर दिवशी ती पाऊण-एक तास पुढे सरकते. पण तोंडी गणितावर पोरं पाण्यात उतरवू नकोस, छापील कोष्टकाशी ताडून घे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणापेक्षा भांगाचे, म्हणजे अष्टमीच्या आसपासचे, दिवस बरे, पाण्याला ओढ कमी असते.

आणि एकाच वेळी अनेक खेळ कसे चालवतात ते बघायचं तर चिपळूणजवळ डेरवणला यूथ गेम्स होतात, तिथे जाऊन नोंदणीच्या टेबलावर बस. फायनल बघायला जाऊ नकोस. जन्मतारखेचे कागद तपासणारा माणूस कसा तपासतो ते बघ. वयचोरी तिथेच पकडली जाते किंवा तिथेच सुटते.

पैसा. इथे तुझ्या पत्रातला एक गैरसमज काढतो. 'कंपन्यांचा सीएसआर मिळवून स्पर्धा भरवू' असं तू लिहिलंस. सीएसआर म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामासाठी द्यायचा पैसा. 2013 च्या कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत ग्रामीण खेळांच्या प्रशिक्षणाचा उल्लेख आहे हे खरं. पण तो प्रशिक्षणाचा आहे. एकदाच होणाऱ्या कार्यक्रमाचा खर्च सीएसआरमध्ये धरायचा नाही, असं सरकारनं 2014 लाच स्पष्ट केलंय. वर्षभर चालणारं मुलींचं कबड्डी केंद्र असेल तर सीएसआर माग, दोन रात्रींच्या चषकासाठी प्रायोजक शोध. सीएसआर घ्यायला संस्था नोंदणीकृत हवी, आयकराची 12ए आणि 80जी ही नोंदणी हवी, तीन वर्षांचं काम दाखवता आलं पाहिजे, सीएसआर-1 हा नोंदणीचा फॉर्म भरलेला हवा. आपल्या मंडळांचं काय असतं? धर्मादाय आयुक्तांच्या दप्तरी वारलेले विश्वस्त अजून विश्वस्तच असतात. बदल झाल्यापासून 90 दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो, तो कुणी देत नाही. कंपनीचा माणूस पहिला तोच कागद मागतो.

प्रायोजकाकडे जाताना 'काहीतरी मदत करा' म्हणू नकोस. पतसंस्था असो, सराफ असो, आंबा बागायतदार असो, त्याला दरपत्रक दे: कमान, जर्सीची छाती, मॅटच्या मधलं चिन्ह, यूट्यूबवरच्या गुणफलकाची पट्टी, निवेदकाच्या तोंडी किती वेळा नाव. प्रत्येकाला वेगळी किंमत. स्पर्धा झाल्यावर आठ दिवसांत त्याच्या हातात फोटो, संघांची यादी आणि जमाखर्च. चाकरमान्यांची वर्गणीही पावतीनंच, पन्नास रुपये असले तरी. आणि तोच जमाखर्च देवळाच्या फळ्यावर लाव. शिल्लक राहिली तर शिल्लक, तूट आली तर तूट, पण आठ दिवसांत.

यावरून भांडणं होतात. हिशोब मागणाऱ्याला लोक किरकिरा म्हणतात, संशयी म्हणतात, बैठकीचं बोलावणं उशिरा पाठवतात. मला अजूनही म्हणतात. म्हणोत. फळ्यावर हिशोब लागला की पुढच्या वर्षी वर्गणी मागायला दारोदार फिरावं लागत नाही, एवढं मला पुरेसं वाटतं. हळहळ एकाच गोष्टीची आहे. या पट्ट्यातल्या जुन्या स्पर्धांचे गुणतक्ते कुणीच सांभाळले नाहीत. कोण कुणाविरुद्ध किती गुणांनी हरलं, हे सांगणारी माणसं आता एकेक करून कमी होतायत आणि कागद मागे नाहीत. खेळाडूंचंही यातच नुकसान होतं. सरकारी नोकरीतल्या पाच टक्के आरक्षणासाठी मान्यताप्राप्त संघटनेच्या, ठरलेल्या स्तरावरच्या स्पर्धेचं प्रमाणपत्र लागतं आणि त्याची पडताळणी होते. संघटनेकडे मूळ नोंद सापडली नाही तर पोरीनं काय करायचं? तेव्हा गुणतक्त्याची एक प्रत तुझ्याकडे, एक संघटनेकडे, आणि फोनवर फोटो.

बाबांना पटवायला माझं पत्र दाखवू नकोस, त्यांना माझी मतं ठाऊक आहेत. त्यांच्यासमोर दोन पानं ठेव: एकावर मुंबईचा तीन वर्षांचा सगळा खर्च, दुसऱ्यावर रत्नागिरी आणि नंतर पदव्युत्तरचा. बसचं भाडं, पागडी-डिपॉझिट, गावी येण्या-जाण्याचे पैसे, काही वगळू नकोस. मुंबईचं पान स्वस्त निघालं तर मी माझं म्हणणं मागे घेईन, पण बेरीज दोनदा तपासून पाठव. फोन संध्याकाळी सातनंतर कर, त्याआधी मी मैदानावर असतो.

तुझा,
काका