काक्षीला एक प्रदक्षिणा

‘एलिट डेंजरस’ या अंतराळातल्या व्हिडिओ गेममध्ये एका ताऱ्यावरून दुसऱ्यावर इतके जंप मारून काक्षीपर्यंत (मृगातला तांबडा, अवाढव्य तारा, इंग्रजीत बीटलज्यूस) पोचलो, पण तारा दिसला आपल्या सूर्याएवढाच, मग एवढं कौतुक कशाचं, असं तुम्ही विचारलंय. पहिल्यांदा मीही असाच हिरमुसलो होतो.

पडद्यावर तो तसाच दिसणार. जंप संपली की गेम जहाजाला ताऱ्याच्या आकाराच्या हिशेबाने लांब सोडतो. तारा छोटा असेल तर जवळ, अवाढव्य असेल तर कुठच्या कुठे. म्हणून सगळे साधारण सारखेच वाटतात. त्याऐवजी ताऱ्याच्या नावाखालचा अंतराचा आकडा बघा. तो प्रकाश-सेकंदांत (प्रकाश एका सेकंदात जेवढं अंतर कापतो, त्या मापात) असतो आणि खरी गंमत तिथेच आहे.

काक्षी सूर्याच्या जागी ठेवला तर मंगळालाही गिळेल, हे सगळेच सांगतात. मला त्यातून काही जाणवत नाही. मी प्रदक्षिणेत मोजतो. प्रकाशाच्या वेगाने सूर्याला अगदी लगटून एक फेरी मारायला जेमतेम १५ सेकंद लागतील. स्वातीला ६ मिनिटं, रोहिणीला ११ च्या आसपास. काक्षीची त्रिज्या सूर्याच्या ७५० पट धरली (मोजमापं थोडी मागेपुढे होतात), तर ३ तास! आणि त्याहून मोठा व्हीवाय कॅनिस मेजॉरिस हा तारा १४०० पट धरला तर साडेपाच तासांच्या वर.

आता हे करून बघा. सुपरक्रूझमध्ये (ताऱ्याभोवती फिरायच्या गेममधल्या वेगवान उड्डाणात) वेग बरोबर १ सी, म्हणजे प्रकाशाएवढा ठेवा आणि काक्षीच्या कडेने निघा. मी निघालो, उठून चहा टाकला, आलं किसलं, कप घेऊन परत आलो. तारा होता तिथेच, तीच कड, तोच तांबडा उजेड. हाच वेग सूर्यासारख्या ताऱ्यापाशी ठेवलात तर कपाट उघडेपर्यंत तारा मागे पडलेला असतो. गेममध्ये वेग २००१ सीपर्यंत जातो, त्याने आपण सोकावतो. शिवाय वजनदार गोलाजवळ तो आपोआप दबतो, हे ध्यानात ठेवा.

एक तक्रार मात्र आहे. गेममधला काक्षी चेंडूसारखा रेखीव आहे. खरा तसा नाही. त्याची सरासरी घनता आपल्या हवेपेक्षाही हजारो पटींनी कमी, त्यामुळे नेमकी कड अशी नाहीच. २०१९-२० च्या हिवाळ्यात तो मृगात नुसत्या डोळ्यांनाही मंद दिसत होता, त्याने स्वतःच बाहेर टाकलेली धूळ आड आली म्हणून. हा विस्कटलेपणा गेममध्ये कुठेच नाही.

ध्रुवताऱ्याकडे जायचा बेत असेल तर सोडा, तिथे परवान्याशिवाय प्रवेश नाही. अढळपद म्हणतात ते हेच बहुधा.

आणि हो, चहा टाकायला उठाल तेव्हा जहाजाचं नाक ताऱ्याकडे नाही ना, तेवढं बघा. फार जवळ गेलात की सुपरक्रूझमधून धाडकन बाहेर फेकला जाता आणि जहाज तापायला लागतं. मी एकदा तसाच उठलो होतो.