'टू' की 'इंग'? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : नेदरलँड्सच्या खरेदीदाराला द्राक्षांबाबत ई-मेल लिहिताना शेवटी मी 'आय लुक फॉरवर्ड टू हिअर फ्रॉम यू' असे लिहितो. माझी मुलगी म्हणते की 'हिअरिंग' हवे. पण 'टू'नंतर मूळ क्रियापद येते, असेच आम्हाला शाळेत शिकवले होते.
— एक बागायतदार, निफाड

मुलीचे बरोबर आहे. शाळेतला नियम इन्फिनिटिव्हच्या, म्हणजे 'आय वाँट टू गो'सारख्या मूळ क्रियापदाआधीच्या, 'टू'साठी आहे, आणि इंग्रजीत 'टू' दोन आहेत. दुसरा आपल्या '-कडे' किंवा '-ला'सारखा, 'आय अ‍ॅम गोइंग टू नाशिक'मधला. कोणता कोणता ते ओळखायचे असेल, तर त्याच्यापुढे एखादे नाम ठेवून पाहावे. 'आय लुक फॉरवर्ड टू युअर रिप्लाय' हे वाक्य बसते, 'आय वाँट टू युअर रिप्लाय' बसत नाही. नाम बसले की तेथे क्रियापदालाही नामाचे रूप, म्हणजे 'इंग' लावलेला जेरंड, घ्यावा लागतो. आपणही 'उठ आधी' म्हणत नाही, 'उठण्याआधी' म्हणतो; 'बिफोर गेटिंग अप'मध्ये नेमके हेच घडते. मात्र 'यूज्ड टू' जपून वापरावे : 'आय यूज्ड टू गेट अप अर्ली' म्हणजे मी पूर्वी लवकर उठत असे, आणि 'आय अ‍ॅम यूज्ड टू गेटिंग अप अर्ली' म्हणजे लवकर उठणे माझ्या अंगवळणी पडले आहे.

प्रश्न : ऑपरेटरने मशीन तपासणे सोडून दिले, अशी तक्रार मी शिफ्टच्या अहवालात 'ही स्टॉप्ड टू चेक द मशीन' या शब्दांत केली. साहेबांनी उलट त्याचे कौतुक केले. हे कसे?
— एक सुपरवायझर, सातपूर

साहेबांनी वाक्य बरोबर वाचले. तुम्ही लिहिलेल्याचा अर्थ, हातातले काम थांबवून तो मशीन तपासू लागला, असा होतो. तुम्हाला 'ही स्टॉप्ड चेकिंग द मशीन' हवे होते. मराठीत हा घोटाळा होत नाही, कारण 'तपासायला थांबला' आणि 'तपासणे थांबवले' यांत थांबणे व थांबवणे अशी दोन क्रियापदेच निराळी आहेत. इंग्रजीत दोन्हींसाठी एकटे 'स्टॉप' असल्यामुळे फरकाचा सगळा भार पुढच्या शब्दावर पडतो.

'रिमेंबर' आणि 'फरगेट' यांचेही असेच आहे. 'रिमेंबर टू लॉक द गेट' म्हणजे गेटला कुलूप लावायला विसरू नका. 'आय रिमेंबर लॉकिंग द गेट' म्हणजे कुलूप लावल्याचे मला आठवते. आपल्या '-आयला'चे तोंड पुढे असते आणि '-ल्याचे'चे मागे, एवढे ध्यानात ठेवले तरी या दोन क्रियापदांत चूक होणार नाही. इन्फिनिटिव्हचा 'टू'सुद्धा मुळात दिशा दाखवणाराच शब्द होता.

प्रश्न : मी स्पर्धा परीक्षेची तयारी करते. कोणत्या क्रियापदापुढे काय येते, याची यादी पाठ करावी की त्याला काही नियम आहे?
— एक विद्यार्थिनी, कॉलेज रोड

नियम अर्ध्या वाटेपर्यंत सोबत करतो. वाँट, होप, प्लॅन, डिसाइड, प्रॉमिस यांत काम अजून व्हायचे असते, म्हणून 'टू'. एंजॉय, फिनिश, अ‍ॅडमिट यांत ते चालू किंवा झालेले असते, म्हणून 'इंग'. पण अव्हॉइड, पोस्टपोन, कन्सिडर आणि सजेस्ट हा हिशेब मोडतात, तर 'मॅनेज' काम फत्ते झाल्यावरही 'टू'च घेते. एवढीच यादी पाठ करा, आणि त्यातही 'सजेस्ट' आधी. कारण 'जायला सुचवले' हे मराठी मनात धरून 'ही सजेस्टेड टू गो' लिहिणारे मला सर्वांत जास्त भेटतात. 'ही सजेस्टेड गोइंग' किंवा 'ही सजेस्टेड दॅट वी गो' असे लिहावे.

प्रश्न : 'आय लाइक टू स्विम' बरोबर की 'आय लाइक स्विमिंग'?
— एक गृहिणी, गंगापूर रोड

दोन्ही बरोबर. पोहण्यातल्या आनंदाविषयी बोलायचे असेल, तर ब्रिटिश वळणात 'स्विमिंग' अधिक शोभते. आवडीपेक्षा शिस्तीचा भाग असेल, जसे बिले वेळेवर भरणे, तर 'आय लाइक टू पे' म्हणतात. 'वुड लाइक' असेल तेव्हा मात्र निवडीला वाव नाही, तेथे 'टू'च येतो.