आधी शब्द, मग सूर

चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या भजनात तू पहिल्यांदाच अभंग गाणार, हे तुझ्या पत्रात वाचून फार बरं वाटलं. गळ्याची काळजी आत्ता नको, शब्दांकडे बघ.

अभंग आधी चालीशिवाय, मोठ्याने, सावकाश वाच. अर्थ उमगला की श्वास कुठे घ्यायचा ते कळतं. शब्दाच्या मधेच श्वास तोडणं ही जवळजवळ प्रत्येकाची पहिली चूक.

दुसरी चूक आपल्या गोंयकारांची, म्हणजे गोव्याच्या लोकांची. घरी कोंकणीत आपण 'दूध', 'वाघ' यांना 'दूद', 'वाग' म्हणतो, तीच सवय मराठी गाण्यात शिरते आणि 'मुख'चं 'मुक' होतं. तोंडासमोर तळवा धरून दोन्ही म्हणून बघ. 'ख'चा झोत हाताला लागायलाच हवा! 'चांदणं' आणि 'चरण' यांतले 'च'सुद्धा वेगळे आहेत बरं का.

'राम' लांबवायचा तर 'रा'वर थांब. 'म'वर ओठ लवकर मिटले की आवाज नाकात अडकतो.

मग मोबाइलवर रेकॉर्ड कर. अभंग माहीत नसलेल्या कुणाला तरी ऐकव, ऐकलेले शब्द लिहायला सांग. जिथे त्याचं चुकेल तेवढंच घोट, रोज दहा मिनिटं.

ताना-मुरक्या पुढच्या वर्षी बघू.