बाबांनी सगळा वेळ मूर्तींना दिला, आता त्यांचं मी का करू?

हा प्रश्न समुपदेशनात माझ्याकडे फार येतो, दरवेळी वेगळ्या शब्दांत. यावेळी मौ नावाच्या मुलीनं विचारला (नाव आणि काही तपशील बदललेत, तिला विचारूनच लिहितेय). वय 34, पुण्यात आयटीत, माहेर कोलकात्याच्या कुमारटुलीत, वडील दुर्गेच्या मूर्ती घडवणारे. पहिल्याच सेशनला म्हणाली, आई गेली, बाबांचा हात थरथरतो, चुलतभाऊ म्हणतो आता तू बघ, आणि मला बघावंसंच वाटत नाही, मी वाईट मुलगी आहे का?

हाताचं आधी न्यूरॉलॉजिस्टला दाखवा म्हणलं, ते समुपदेशनानं सुटणारं नाही. बाकीचं हळूहळू बाहेर आलं. रथयात्रेला मूर्तीच्या सांगाड्याची पूजा झाली की बाबा घरात असून नसल्यासारखे, बांबूवर पेंढा बांधायचा, मातीचे थर चढवायचे, पावसात माती वाळेना की बर्नर घेऊन रात्रभर बसायचं, ते पार महालयेपर्यंत, म्हणजे आपली सर्वपित्री, त्या दिवशी देवीचे डोळे रंगवतात. मग दुर्गापूजेत बाकीची मुलं बापाचा हात धरून पंडाल बघायला निघायची आणि हिचे बाबा दमून झोपलेले. अकराव्या वर्षी भाद्रपदात टायफॉइडनं ती हॉस्पिटलात होती तेव्हा बाबा आलेच नाहीत, हे सांगताना ती खूप रडली.

मी तिला 'माफ कर' म्हणलं नाही. लोक ती घाई फार करतात, आणि माफ करणं जमलं नाही की पोरीला वर आणखी एक अपराधीपण चिकटतं. राग असतानाही आईवडिलांचं करता येतं, फक्त किती करणार ते आपण ठरवायचं. आम्ही कागद घेऊन तेच ठरवलं: दिवसभराच्या मदतनीस बाईंचा पगार ती देणार, रविवारी फोन, वर्षातून दोनदा जाणं, नोकरी सोडून परत जाणं नाही. आणि बाबांना एकच गोष्ट विचारायची, तीही भांडणात नाही.

महालयेच्या आधी ती कोलकात्याला गेली. बाबांचा भाचा डोळे रंगवायची तयारी करत होता, बाबा स्टुलावर बसून बघत होते, तिथेच तिनं विचारलं की बाबा, तेव्हा का नाही आलात. ते बराच वेळ गप्प, मग म्हणाले, पाचव्या दिवशी आलो होतो, रात्री, तू झोपली होतीस, हाताला माती होती म्हणून दारातूनच बघून गेलो.

खरं की खोटं, सांगायला आई नाही. मौनं मला विचारलं, विश्वास ठेवू का? मी म्हणलं, आज ठरवायलाच हवं असं नाही. परवाच्या सेशनला म्हणाली, राग अजून आहे ताई, पण रविवारी फोन लावताना आता पोटात गोळा येत नाही.