उतरवायचं कुठं, ते आधी सांग

बाळ,

तुझं पत्र वाचलं. बेळगाव-खानापूरच्या सीमाभागात जखमी जनावरांसाठी ॲम्ब्युलन्स काढायची म्हणतोस. ओम्नी व्हॅन घ्यावी की ईको, ऑक्सिजन आधी की स्ट्रेचर, गाडीवरचं नाव मराठीत रंगवावं की कन्नडात, सायरन असावा का, सगळं विचारलंयस. एकच विचारलं नाहीस. कणकुंबीजवळ ट्रकनं उडवलेलं कुत्रं रात्री अकराला तू गाडीत घेतलंस, दार लावलंस. आता गाडी कुणाच्या दवाखान्यासमोर उभी करणार? आणि तिथं आतून कडी कोण काढणार?

याचं उत्तर नसेल तर ती ॲम्ब्युलन्स नव्हे. दुखऱ्या जिवाला खड्ड्यांतून फिरवायची सोय आहे ती.

म्हणून गाडीचं मागाहून. उतरवायची जागा ठरल्याशिवाय उचलायचं नाही, हे आधी डोक्यात पक्कं कर. या पत्रात हे मी परत परत लिहिणार आहे. कंटाळा आला तरी वाच.

एक जाड वही घे. कुत्र्या-मांजरांसाठी दिवसाचा डॉक्टर कोण, रात्रीचा कोण, रविवारचा कोण, गणपतीत कोण, दिवाळीत कोण. एक्स-रे कुणाकडं आहे. भूल देऊन हाड बसवणारा कोण आणि नुसतं सलाईन लावणारा कोण. पार्वोचं, म्हणजे कुत्र्यांत झपाट्यानं पसरणाऱ्या विषाणूचं, पिल्लू वेगळं ठेवायला खोली कुणाकडं आहे. पिसाळल्याचा संशय असलेलं कुत्रं कोण ठेवून घेईल. वाटेतच मेलं तर पुरायला जागा कुठली. प्रत्येक नावाकडं स्वतः जाऊन, समोर बसून होकार घ्यायचा. ‘आणा, बघू’ हा होकार नव्हे. ‘रात्री दोनला फोन आला तरी उचलीन, आणि बिल अमुक रकमेपर्यंत तुम्ही भरायचं’ हा होकार. पैशाचं बोलायला लाजू नको. बेवारस कुत्र्याच्या मोडलेल्या पायाचा खर्च कोण देणार हा वाद टेबलावर कुत्रं असताना घालायचा नसतो.

गाडीसाठी देणगी पटकन मिळते, कारण गाडीवर देणाऱ्याचं नाव लिहिता येतं. रात्रीच्या डॉक्टराच्या मानधनावर कुणाचं नाव रंगवता येत नाही. आमची उमेद गाड्या उभ्या करण्यात गेली आणि रात्री उघडणारी दारं वाढवायचं राहून गेलं, ही माझी खंत आहे. म्हणूनच तुझ्यावर एवढा डाफरतोय.

१९६२ नंबरची सरकारी गाडी असताना आपली कशाला, असंही लिहिलंयस. ती गाडी डॉक्टरला जनावराच्या दारात आणते. तू जनावर डॉक्टरच्या दारात नेणार. दोन्ही कामं वेगळी. गोठ्यात म्हैस अडली असेल तर तू धावू नको, १९६२ लाव, आणि फोन लागताच राज्य, जिल्हा, तालुका, गाव या क्रमानं सांग. आपल्याकडं राज्य आधी सांगावं लागतं, हे पुण्या-मुंबईच्या पोरांना कळायचं नाही.

हद्दीचं नीट समजून घे. बाचीत जखमी झालेलं जनावर कर्नाटकातलं, तिथून जरा पुढं शिनोळीत पडलेलं महाराष्ट्रातलं. कोगनोळी इकडची, कागल तिकडचं. चोर्ल्याच्या रस्त्याला पुढं गोवा लागतो. पाळलेल्या कुत्र्या-मांजराला याचं काही नाही, जवळचा डॉक्टर कुठल्याही राज्यातला असो, तिकडं पळ. गाई-बैलांचं तसं नाही. कर्नाटकाच्या २०२० च्या गोहत्याबंदी कायद्यानंतर रात्री गाडीत गुरं दिसली की नाक्यावर अडवणारच, आणि जमाव आधी अडवतो, विचारतो मागाहून. मालक गाडीत बसलेला हवा, कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर लिहिलेला हवा, आणि जिथं नेतोय तिथल्या डॉक्टराचा ‘जनावर घेऊन या’ असा मेसेज मोबाइलवर हवा. म्हणजे परत तेच: जागा आधी ठरलेली हवी.

वन्यप्राण्याला तर हद्द ओलांडून न्यायचंच नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं तो प्राणी सरकारची मालमत्ता आहे. तुझ्या हाती आला तर ४८ तासांत कळवायचं हे कलम ३९, आणि परवानगीशिवाय त्याची वाहतूक नाही हे ४८-अ. ४८ तास म्हणजे दोन दिवस घरी ठेवायची मुभा नव्हे. उचलण्याआधी त्या भागाच्या आरएफओला, म्हणजे वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याला फोन, नाही लागला तर १९२६ ही वनखात्याची हेल्पलाइन. फॉरेस्ट गार्डाला बोलाव, जागेवर पंचनामा करायला सांग, त्याच्यासमोर आणि तो सांगेल तिकडं ने. तुझं कन्नड कच्चं आहे असं लिहिलंयस. मग निदान प्राण्यांची नावं, गावांची नावं आणि ‘जिवंत आहे, रक्त जातंय, माणसं जमलीत’ एवढं तरी पाठ कर. फॉरेस्टवाल्याशी भाषेवरून वाद घालून भेकराचा जीव वाचत नाही.

भीमगड अभयारण्याच्या अंगाला, तळेवाडी-गवाळीकडं फोनला रेंज मिळेल या भरवशावर जाऊ नको. जांबोटी सोडायच्या आधी सगळे फोन झालेले हवेत. नंतर झाडावर चढून रेंजची दांडी शोधत बसशील.

कुठल्या प्राण्यापाशी जायचंच नाही तेही ऐक. गवा, अस्वल, बिबट्या, रानडुक्कर. जखमी असले तरी नाही, आणि जखमी असले तर मुळीच नाही. तिथं तुझं काम म्हणजे माणसं मागं सारणं, मोबाइलचे फ्लॅश बंद करायला लावणं, रस्त्यावरची वाहनं हळू करणं आणि फॉरेस्टचा डॉक्टर येईतो थांबणं. भूल देणारी बंदूक ही तुझी वस्तू नव्हे. फाशात अडकलेल्या बिबट्याची तार कापायची हौस तर कधीच करू नको. तारेनंच तो तुझ्यापासून लांब राहिलेला असतो.

भेकर, सांबर, चितळ यांचं दुखणं वेगळंच. जखम किरकोळ असते आणि जनावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जातं, कारण पाठलाग आणि धरपकडीनं त्याचे स्नायू आतून जळतात आणि त्याचा भार मूत्रपिंडांवर येतो. म्हणून पळवायचं नाही, पाय धरून ओढायचं नाही. डोळ्यांवर काळं फडकं, अंगावर सावली, आवाज बंद. गाडीतल्या गाडीत गप्पासुद्धा नकोत. आता सांग, असलं जनावर ‘बघू कोण घेतंय’ म्हणत तासभर फिरवलंस तर काय होईल?

तू म्हणशील, रक्त वाहतंय आणि हा म्हातारा फोन करायला सांगतोय. होय, सांगतोय. म्हणून गाडीवर कायम दोघं. एकाचे हात जनावरावर, दुसऱ्याचा कान फोनवर. वाहत्या जखमेवर जाड गॉज ठेवून सलग पाच मिनिटं दाबायचं, मधे उचलून बघायचं नाही, कारण बघितलं की धरलेली गुठळी निघते. भिजलं तर वरून आणखी गॉज. त्या पाच मिनिटांत दुसऱ्याचे फोन होतात. म्हणजे माझ्या नियमानं वेळ जात नाही. मला खडूस म्हणणारे हे कधी मोजत नाहीत.

कुत्रं उचलताना आधी तोंड. दोन-तीन इंच रुंद, मीटरभर लांब पट्टी, नाकावर फास, हनुवटीखाली तिढा, कानांमागं गाठ. पण श्वास लागलेल्या, उलट्या करणाऱ्या किंवा उन्हानं धापणाऱ्या कुत्र्याचं तोंड बांधायचं नाही, गुदमरेल. पाठीचा कणा दुखावला असेल तर झोळीत घेऊ नको, तीन बाय दोन फुटांची प्लायवूडची फळी आत सरकव आणि खांदा व ढुंगण अशा दोन ठिकाणी कापडानं बांध. मानेवरून पट्टा नको. मोडलेल्या पायाला काठी बांधायची घाई सगळ्यांना असते. गुडघ्याच्या, कोपराच्या वरचं हाड मोडलं असेल तर काही बांधू नको. बांधलेलं खाली लटकतं आणि मोडकं हाड आणखी हलतं.

उन्हाळ्यात पग किंवा त्याच्यासारखं नकटं कुत्रं धापा टाकत पडलं, तर आधी जागेवर गार कर, मग ने. साधं पाणी अंगभर ओत आणि पंखा किंवा पुठ्ठ्यानं वारा घाल. बर्फ नको. ओला टॉवेल अंगावर तसाच ठेवू नको, तो तापून उलट उष्णता कोंडतो. गुदद्वारातलं तापमान १०३ फॅरनहाइटवर आलं की पाणी थांबव, नाहीतर खूप खाली घसरतं.

सापाचं. पावसाळ्यात खानापूरकडून हे फोन येणारच. चिरा नाही, आवळून बांधणं नाही, मंत्र घालणारा नाही. कुत्र्याला चालवायचं नाही, उचलून न्यायचं. आपल्याकडं मिळणारी सर्पविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारांवर आहे, चापड्यावर, म्हणजे बांबूतल्या हिरव्या विषारी सापावर नाही. आणि ती प्रत्येक दवाखान्यात नसते! म्हणून जूनच्या सुरुवातीला प्रत्येक डॉक्टरला विचारायचं, किती बाटल्या आहेत, आणि वहीत लिहायचं. लस नसलेल्या दारात दंश झालेलं कुत्रं उतरवलंस तर उतरवून काय उपयोग? सापाला मारून आणायला सांगू नको, लांबून फोटो पुरे.

वानर विजेच्या तारेला चिकटलं तर इकडं कर्नाटकात हेस्कॉम या वीज कंपनीला, तिकडं महाराष्ट्रात महावितरणला फोन करून लाइन बंद झाल्याची खात्री होईपर्यंत जवळ जायचं नाही. वाळका बांबूही भरवशाचा नव्हे. मेलेल्या मादीच्या पोटाला पिल्लू आहे का ते मात्र बघ. मांज्यात अडकलेल्या घारीचा दोरा ओढून काढू नको, दोन्ही बाजूंनी कापून जखमेतला तसाच ठेव. भोकं पाडलेलं खोकं, आत टॉवेल, अंधार. चोचीत पाणी घालू नको. जिभेच्या मुळाशीच श्वासाचं तोंड असतं, पाणी सरळ फुप्फुसात जातं.

आता गाडी. छोट्या जनावरांना ईको चांगली, मागच्या सीट काढून. सीट काढून आतलं बदलायचं म्हणजे आरटीओची परवानगी, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. तळाला नक्षीचा ॲल्युमिनिअम पत्रा आणि वर रबरी मॅट. गुळगुळीत रेक्झिन घातलंस तर कुत्रं प्रत्येक वळणावर घसरणार. बांधायच्या कड्या सांगाड्याला बोल्टनं, नुसत्या पत्र्याला नको. एका कोपऱ्यात पाणी जायला भोक. सायरन नको, आतल्या जनावराचा त्यानंच जीव जातो. ऑक्सिजनचा बी टाइप सिलिंडर पुरे. त्यात साधारण १,५०० लिटर वायू बसतो, मिनिटाला ५ लिटर सोडलास तर ५ तास चालतो. उभा, दोन पट्ट्यांनी आवळलेला, आणि त्याचा पाना गाडीतच दोरीनं बांधलेला. पाना घरी राहिला की सिलिंडर हे नुसतं ओझं.

मोठ्या गुरांना पिकअप लागते, ते या वर्षी सोडून दे. तरी कुणाच्या गाडीतून न्यायची वेळ आली तर गाय कुशीवर आडवी नेऊ नको. पोटातला वायू अडकून पोट फुगतं, फुप्फुसं दाबली जातात आणि उलटून आलेलं पाणी श्वासनळीत शिरतं. खाली भाताचं पिंजर जाड पसर, गाय छातीवर बसती कर, दोन्ही बाजूंना पिंजराचे भारे लाव. वाटेत तोंडात काही ओतू नको.

गाडी फिनेलनं धुतली की झालं असं बरेच जण धरून चालतात. पार्वोला फिनेल पुरत नाही, आणि मांजराला त्याची विषबाधा होते. आधी साबणानं घाण पूर्ण काढ, मग घरगुती ब्लीच एक भाग आणि पाणी तीस भाग, दहा मिनिटं ओलं ठेव, मग धू. घाण राहिली तर ब्लीच तिच्यातच खर्च होतं.

बरं झालेलं रस्त्यावरचं कुत्रं परत सोडायचं ते जिथून उचललं तिथंच. दुसऱ्या गल्लीत सोडलंस तर तिथली कुत्री त्याला फाडतात, आणि प्राणी जन्म नियंत्रणाचे २०२३ चे नियमही नसबंदीनंतर मूळ जागीच सोडायला सांगतात. म्हणून उचलतानाच विजेच्या खांबाचा नंबर लिहून ठेव. ही दुसरी उतरवायची जागा, तीही आधी ठरलेली.

इंजेक्शन तू द्यायचं नाही, कुणी कितीही गळ घातली तरी. तो नोंदणी असलेल्या डॉक्टरचा अधिकार. आणि लाळ गाळणारी गाय दिसली की ‘घशात काही अडकलंय’ म्हणून मालक हात घालायला सांगेल. घालू नको. पिसाळलेली गाय अशीच दिसते.

रेबीजची प्रतिबंधक लस अजून घेतलेली दिसत नाही, पत्रात उल्लेख नाही. पहिल्या दिवशी एक, सातव्या दिवशी दुसरी, एकविसाव्या किंवा अठ्ठाविसाव्या दिवशी तिसरी. तुझ्याबरोबर बसणाऱ्या पोरालाही घ्यायला लाव. लस घेतलेली असली तरी चावलं की वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. तिसरा डोस होईपर्यंत कुठल्याही जनावराला हात लावू नको. तेवढे दिवस वही घेऊन डॉक्टरांच्या दारांत फिर.

तुझा,
काका