ब्रुशेटा की ब्रुस्केत्ता? आणि पाव भाजायचा की शेकायचा?

सोलापुरात होटगी रोडला राहणाऱ्या एका ताईंनी विचारलंय: "लेकीला नोकरी लागली म्हणून घरी पंचवीस-तीस माणसं जेवायला बोलावली आहेत. जेवणाआधी हातात द्यायला इटलीतला तो पावाच्या कापावर टोमॅटो घातलेला पदार्थ करायचा ठरलाय. लेक 'ब्रुशेटा' म्हणते, भाचा 'ब्रुस्केटा' म्हणतो. बरोबर काय? एकापेक्षा जास्त असले तर काय म्हणायचं? टेबलावरच्या पाटीवर 'तोंडीलावणं' असं लिहिलं तर चालेल का? आणि सासूबाई म्हणतात, पाव भाजत नाहीत, शेकतात. हे खरं का?"

सासूबाईंच्या प्रश्नापासूनच सुरुवात करतो, कारण सगळ्यात मोलाचा तोच आहे. त्यांचं खरं आहे.

आमची आजी चुलीवर भाकरी करायची तेव्हा थापलेली भाकरी तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवायची, उलटायची, आणि मग निखारे पुढे ओढून चुलीच्या तोंडाशी उभी करायची. तिथं ती टम्म फुगायची. या सगळ्याला ती 'भाकरी भाजणं' म्हणायची. पण सकाळी आम्ही कालची उरलेली भाकरी मागितली की म्हणायची, "थांब, शेकून देते." निखारे तेच, भाकरीही तीच, पण क्रियापद वेगळं. पहिल्या वेळी पीठ कच्चं होतं, ते भाजून खाण्याजोगं झालं. दुसऱ्या वेळी भाकरी तयारच होती, तिला फक्त धग द्यायची होती.

कच्च्याचं पक्कं होतं तिथं भाजणं, आणि पक्क्याला ऊब नाहीतर कडकपणा द्यायचा तिथं शेकणं. शेंगदाणे, रवा, वांगं, पापड भाजतो. हातपाय, गुडघे, कंबर शेकतो. पाठ शेकली म्हणजे आराम पडला, पाठ भाजली म्हणजे फोड आले. पाव बेकरीच्या भट्टीत एकदा भाजूनच आपल्या घरी येतो. म्हणून घरच्या तव्यावर तो शेकायचा. 'पाव भाजून घ्या' असं पुष्कळ लोक म्हणतात, त्यांना मी चुकीचं ठरवणार नाही. पण भाषेत दोन जवळचे शब्द असताना त्यांच्यातला फरक टिकवणारी माणसं मला फार मोठी वाटतात, आणि तुमच्या सासूबाई त्यांतल्या आहेत.

'टोस्ट करणं' का नको, तेही सांगतो. मराठीत टोस्ट म्हटलं की चहात बुडवायचा बेकरीतला टोस डोळ्यांसमोर येतो. 'टोस्टवर टोमॅटो' ऐकून पाहुण्याच्या मनात भलतंच चित्र उभं राहील. या टोस्टची कुळकथा मात्र सांगण्यासारखी आहे. त्याच्या मुळाशी लॅटिनमधलं 'तोर्रेरे' हे क्रियापद आहे, म्हणजे सुकवणं, करपवणं. त्याचं दूरचं नातं संस्कृत 'तृष्'शी आहे, आणि तृष्णेपासून आपली 'तहान' आली. सुकलेला पाव आणि सुकलेला घसा एकाच घरचे.

आता ज्या पदार्थावरून हे निघालं त्याचं नाव. रोमच्या बोलीत 'ब्रुस्कारे' म्हणजे निखाऱ्यावर शेकणं, त्यावरून हे नाव पडलं. आदल्या दिवशीचा पाव निखाऱ्यावर धरायचा, गरम असतानाच त्यावर लसूण चोळायचा, वर ऑलिव्हचं तेल ओतायचं, मीठ घालायचं. मूळ पदार्थ एवढाच. टोमॅटो तर अमेरिका खंडातून युरोपात सोळाव्या शतकात आला, त्यामुळे पावावर त्याची जागा उशिराची. इटलीतल्या तोस्काना प्रांतात याच पदार्थाला 'फेत्तुंता' म्हणतात. फेत्ता म्हणजे काप, उंता म्हणजे तेल माखलेला. यातल्या 'उंता'चं मूळ आणि दिवाळीत पहाटे आपण करतो त्या अभ्यंगातल्या 'अञ्ज्' धातूचं मूळ एकच. तेल माखलेला पाव आणि तेल माखलेलं अंग यांना जोडणारा धागा इतका जुना आहे, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी शब्दकोश मिटून नुसता बसून राहिलो होतो.

उच्चाराबाबत भाच्याचं बरचसं बरोबर आहे. इटालियनमध्ये सी-एच ही अक्षरं जोडीनं आली की 'क' वाचायचा. हे तुम्हाला आधीपासून माहीत आहे: भाजीवाल्याकडे आपण 'झुकिनी' मागतो, 'झुचिनी' नाही, आणि लाकडी बाहुल्याला 'पिनोकिओ' म्हणतो. तोच नियम इथं, कारण bruschetta या नावातही सी-एच आहे. 'श' आला तो इंग्रजी वाचनाच्या सवयीतून. एक दुरुस्ती मी भाच्यालाही सुचवेन. इटालियन 'त' दंत्य आहे, जीभ दातांना लागते, आणि इथं तो जोडाक्षर आहे. म्हणून ब्रुस्केत्ता. इंग्रजीत त आणि ट असा भेद नाही, त्यामुळे त्यांना 'टा' म्हणण्यावाचून इलाज नाही. आपल्याकडे दोन्ही अक्षरं आहेत, तर नेमकं तेच वापरू.

आणि एकदा 'त्ता' म्हटलं की पुढचा प्रश्न आपोआप सुटतो. मराठीत पत्ता, भत्ता, कित्ता हे शब्द कसे चालतात? तो पत्ता, ते पत्ते, पत्त्यावर. तसंच तो ब्रुस्केत्ता, ते ब्रुस्केत्ते, ब्रुस्केत्त्यावर. यात मला आनंद वाटतो तो वेगळ्याच गोष्टीचा. इटालियनमध्ये हा शब्द स्त्रीलिंगी आहे आणि त्याचं अनेकवचनही 'ब्रुस्केत्ते' असंच होतं! तिथं आकारान्त स्त्रीलिंगी नामाला ए लागतो, आपल्याकडे आकारान्त पुल्लिंगी नामाला. नियम वेगळे, वाट वेगळी, पण दोघं पोचतात एकाच रूपाशी. "अजून दोन ब्रुस्केत्ते घ्या" हे सोलापुरात म्हटलं तरी शुद्ध आणि रोममध्येही तो शब्द शुद्ध. अशी जुळणी क्वचित सापडते, ती सोडू नका.

करताना दोन क्रियापदं ध्यानात ठेवा म्हणजे पदार्थ बिघडणार नाही. पहिलं 'चोळणं'. बेकरीतून लांब पाव आणून अंगठ्याएवढे जाड तिरके काप करा आणि कोरड्या तव्यावर दोन्ही बाजूंनी खरपूस शेका. लसणाची पाकळी मधोमध कापून ती कापलेली बाजू गरम पावावर चोळा. लसूण वाटून लावला तर तो कच्चा उग्र लागतो, आणि तो निव्वळ गार्लिक ब्रेड होतो. शेकलेल्या पावाचा पृष्ठभाग खरखरीत होतो, किसणीसारखा, आणि पाकळी त्यावर झिजत जाते. पाचसहा वेळा हात फिरवल्यावर पाकळी निम्मी झालेली दिसेल. 'लावणं', 'फासणं', 'माखणं' यांत ती झीज नाही, 'चोळणं' यातच आहे.

दुसरं 'सादळणं'. पापड सादळतो, चिवडा सादळतो, टोस सादळतो, म्हणजे हवेतला ओलावा धरून त्याचा कुरकुरीतपणा जातो. शेकलेले काप गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवले तर सादळणार नाहीत, त्यामुळे ते दुपारीच शेकून ठेवता येतात. फक्त वाढायच्या आधी पुन्हा तव्यावर फिरवा आणि लसूण तेव्हाच चोळा. टोमॅटो घातल्यावर मात्र पाव सादळत नाही, तो भिजतो, आणि भिजलेला पाव परत वळत नाही. म्हणून टोमॅटोच्या बिया काढून बारीक चिरा, मीठ लावून दहा मिनिटं चाळणीत निथळत ठेवा आणि माणसं समोर आल्यावरच पावावर घाला. वरच्या पानांसाठी 'बेसिल' शोधत हिंडू नका. ज्याच्या बिया फालुद्यात घालतो तो सब्जा म्हणजे बेसिलच. आपल्याकडच्या कन्नड घरांत त्याला कामकस्तुरी म्हणतात. परड्यात असेल तर पानं हातानं तोडून घाला. तुळस जवळची असली तरी वेगळी, तिचा वास या पदार्थात वरचढ होतो.

ताईंनी जाता जाता हेही विचारलंय की पावाऐवजी कडक भाकरीचे तुकडे घेतले तर नाव तेच ठेवायचं का. जरूर घ्या, आपल्या सोलापूरची कडक भाकरी मंद धगीवर शेकूनच कडक झालेली असते. पण तिच्यावर लसूण चोळायला गेलात तर ती मोडेल, तेलही फार पिणार नाही. पातळ, लहान, कुरकुरीत तुकड्यावर काहीतरी घातलं तर इटलीत त्याला 'क्रोस्तीनी' म्हणतात, भाकरीचा तुकडा त्याच्या जवळचा. तिकडे एकाला क्रोस्तीनो आणि अनेकांना क्रोस्तीनी. मराठीत मात्र 'क्रोस्तीनी' हा शब्द कानाला 'चटणी' या शब्दासारखा वाटतो, ती एक क्रोस्तीनी, त्या क्रोस्तीन्या, आणि मला ते चालेल. पाटीवर मात्र सरळ 'कडक भाकरीवर टोमॅटो' लिहा. आपल्या जिनसेला आपलं नाव असताना दुसरं कशाला?

राहिलं 'तोंडीलावणं'. इथं ते बसत नाही. तोंडीलावणं मुख्य खाण्याच्या बरोबर येतं: भाकरीला शेंगाची चटणी, वरणभाताला लोणचं. तुमचा पदार्थ जेवणाच्या आधी येतो. इटालियनमध्ये अशा खाण्याला 'आंतीपास्तो' म्हणतात. त्याचा पास्त्याशी संबंध नाही. 'पास्तो' म्हणजे जेवण, 'आंती' म्हणजे आधी. मराठीत या अर्थाचा एकच रुळलेला शब्द मला दिसत नाही. लग्नकार्यात आचारी, केटरर सगळे 'स्टार्टर' म्हणतात आणि ते सगळ्यांना कळतं, तेव्हा बोलताना तेच ठेवा. पाटीवर लिहायचं असेल तर 'जेवणाआधी' एवढाच मथळा पुरे, त्याखाली 'टोमॅटो-लसणाचे ब्रुस्केत्ते' आणि त्याखाली 'कडक भाकरीवर टोमॅटो'.

पाटी सासूबाईंकडूनच लिहून घ्या. आणि कोणी विचारलंच की हे काय आहे, तर "शेकलेला पाव" असं त्यांनाच सांगू द्या.