आबा बैलाला 'या' का म्हणतात

चिंगे,

तुझा व्हॉइस मेसेज गावाहून इथं श्रीलंकेत रात्री आला. मागून आजी भांडे आपटत होती त्यामुळे पहिल्यांदा अर्धाच कळला, मग परत ऐकला, मग अम्माला ऐकवला, तिला मी मधलं मधलं सिंहलीत सांगितलं आणि ती जी हसत सुटली ती अजून थांबली नाही.

तुझा प्रश्न जसा आला तसा लिहून ठेवतो, मोठी झालीस की म्हणशील मी असं विचारलंच नव्हतं. "आबा तुम्हाला अरे म्हणतात, मला काय वो (म्हणजे काय गं) म्हणतात, सरपंच आले तरी बस रे म्हणतात, आणि आज गोठ्यात हरण्याच्या खांद्याला तूप लावलं आणि त्याला म्हणाले, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. बैलाला घ्या आणि या? बैल काय सरपंचापेक्षा मोठा आहे का? आणि आपल्या वेलिगामाला माणसांना दर महिन्याला पोया असतो, मग इथं बैलांना वर्षातून एकच पोळा का?"

फोनवर सांगितलं असतं पण फोनवर तू मधेच पळून जातेस. म्हणून टाइप करतोय. आजीला वाचायला सांग, तुला अजून जोडाक्षरं नीट येत नाहीत हे मला माहीत आहे.

आधी दुसरा प्रश्न, तो सोपा आहे. तुझ्या डोक्यात पोया, पोळा, पोळ सगळं एकत्र झालंय आणि त्यात तुझी चूक नाही. अम्माच्या भाषेत पोल म्हणजे नारळ, म्हणून पोल रोटी, पोल सांबोल. आच्ची, म्हणजे इथली आजी, पिशवी घेऊन आठवड्याला जाते ती पोळ म्हणजे आठवडी बाजार. पोया म्हणजे पौर्णिमा, त्या दिवशी शाळा बंद, दारू बंद, मटणाची दुकानं बंद, आणि आपल्या हॉटेलातले गोरे पाहुणे फ्रिजसमोर उभे राहून बियर का नाही म्हणून तोंड पाडतात. आणि आपला पोळा तो बैलांचा, तो येतो श्रावणाच्या अमावास्येला. बरोब्बर उलटा. पोयाला पूर्ण चंद्र, पोळ्याला चंद्रच नाही.

पण तुझा हिशोब थोडा चुकला. आपल्या गावात अमावास्येला औत जुपत नाहीत. आबांना विचार. म्हणजे बैलालाही महिन्याला एक सुट्टी आहेच, फक्त तिचा गाजावाजा नाही. पोळ्याचा होतो कारण तोवर बैलाचं मोठं काम संपलेलं असतं. जूनपासून वखरणी, पेरणी, मग डवरणीवर डवरणी (ओळींमधलं तण काढणं), आणि आता पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, एवढी वाढते की डवरा तिच्यातून जातच नाही, गेला तर झाडं मोडतात. सोयाबीनचंही तेच. पाऊसही जरा नरम पडतो, आजी म्हणेल बघ तुला, पोळा आन पाऊस झाला भोळा. तर मग बैल रिकामा आणि माणूसही रिकामा, तेव्हा सण.

आता खरा प्रश्न.

तू आज पाहिलं ते खांदशेकणी. तू म्हणालीस तूप लावलं. नुसतं लावलं नाही, हळद घालून कोमट केलेलं तूप पळसाच्या पानानं दाबून दाबून शेकलं असणार, नीट आठव. उद्या सकाळी उजेडात हरण्याच्या मानेवर जिथं जू बसतं तिथं हात ठेव. घाबरू नको, तो काही करत नाही, मोत्या शेपटी मारेल फक्त. तिथं केस नसतील. कातडं जाड झालेलं, आपल्या टाचेसारखं, पण टाचेपेक्षा गरम. मी लहानपणी झोप नाही आली की गोठ्यात जाऊन तिथं हात ठेवायचो, तेव्हाचे बैल वेगळे होते, जागा तीच. सगळं वावर त्या एका हातभर जागेवरून गेलेलं असतं.

आता आवतन म्हणजे काय ते ऐक. आपल्याकडं व्हॉट्सअपवर लोकेशन टाकलं की झालं निमंत्रण. गावात तसं नव्हतं. ज्याच्या घरी जेवण त्यांच्यातला कोणीतरी आदल्या दिवशी घरोघरी जाणार, दारात उभं राहून सांगणार, उद्या आमच्याकडं आवतन आहे. कधी घरातल्या एकाच माणसाला, कधी चूलबंद, म्हणजे त्या घरची चूल पेटवायचीच नाही, लहानमोठे सगळे आमच्याकडं. आणि दुसऱ्या दिवशी ताटं मांडली की परत एक पोरगं पळत पाठवायचं, चला, पाटं मांडले. आवतन नसताना जेवायला जाणारा माणूस गावात टिंगलीचा विषय, आणि आवतन देऊन नीट वाढलं नाही तर ते घर टिंगलीचा विषय, चार वर्षं लोक काढतात.

आणि आवतन देताना 'तू' म्हणत नाहीत गं. ज्याला रोज अरेतुरे करता त्यालाही त्या वेळेपुरतं घ्या, या. तू म्हणून बोलावलं की तो माणूस कामाला येतो. या म्हटलं की पाहुणा म्हणून येतो. आबांनी हरण्याला वर्षभर काय काय म्हटलंय ते तू ऐकलं नाहीस म्हणून तुला नवल वाटतंय, मी ऐकलंय, ते इथं टाइप करता येणार नाही. पण पोळ्याला तो बैल नाही, पाहुणा आहे.

हे मला कसं कळलं ते सांगतो, आजी हसेल पण सांगू दे.

मी अकरा-बारा वर्षांचा असेन. पोळा झाला, आखरावर तोरणाखालून बैल निघाले, झडत्या (पोळ्याची सवाल-जवाबाची गाणी) झाल्या, मारुतीला नेले, मग घरोघरी फिरवून बोजारा गोळा केला, म्हणजे बैल घेऊन दारात गेलं की ओवाळून पैसे देतात तो. मग आपल्या दारात आलो. आजी पाय धुवायला पाणी आणि पुरणाच्या पोळ्यांचं ताट घेऊन उभी. आणि बैल दारात यायलाच तयार नाही. त्याच्या शिंगाला बेगड, पाठीवर झूल, गळ्यात घुंगरमाळ, कपाळाला मठाटी, दिवसभर त्या गर्दीत आणि डफड्याच्या आवाजात बिचारा बिथरलेला. मला पोरांसमोर लाज वाटली. कोपऱ्यातून तुतारी उचलली (वाजवायची नाही, खिळा लावलेली काठी, बैल हाकायची) आणि टोचली पाठीत.

आबांनी मला मारलं नाही, ओरडलेही नाहीत. तुतारी हातातून घेतली, गुडघ्यावर मोडली आणि चुलीत घातली. मग म्हणाले, "काऊन रे, घरी बोलावलेल्या पावन्याले मारतेत का?" आणि बैलाला खाऊ घालून झाल्यावर सगळे जेवायला बसले पण आबा काही बसले नाहीत, बाहेर ओट्यावर पडून राहिले. पुरणपोळी असूनही मला ती रात्र आठवते ती उपाशी असल्यासारखी.

आणखी एक आहे, हे मी तुला कधी सांगितलं नाही. मला नागपूरला हॉटेल मॅनेजमेंटला टाकलं त्या वर्षी फीसाठी आबांनी ती जोडी विकली. त्या वर्षी आजीनं मातीचे बैल पुजले, ज्यांच्याकडं बैल नसतात ते तसंच करतात, त्यात काही नाही. पण खांदशेकणीच्या संध्याकाळी आबा दिसेनात. मी शोधत गेलो तर शेजारच्या गोठ्यात, त्यांच्या बैलांचे खांदे शेकत बसलेले. मला बघून म्हणाले, तूप उरलं होतं घरचं. एवढंच. घरात बैल नाही तर तूप उरणारच ना, मला तेव्हा ते खरंही वाटलं, बावळट होतो.

तर बैल मोठा आहे का सरपंचापेक्षा, हे आबांनाच विचार, मी त्यात पडत नाही.

पण तुझा मेसेज ऐकल्यापासून मी दुसऱ्याच विचारात पडलोय. आपल्या हॉटेलात रोज कोणीतरी पाहुणा. सात रूम, सीझनला नोव्हेंबर ते एप्रिल सगळ्या फुल्ल, आणि मी दारात उभा राहून सगळ्यांना वेलकम वेलकम करतो, नारळ फोडून हातात देतो, शहाळ्याचे पैसे बिलात लावतो. आता ऑगस्टमध्ये दोनच रूम आहेत, त्यातल्या एकात तो इटालियन जोडप्याचा रडका मुलगा. आणि पाण्यात कोण असतो? मल्ली.

मल्ली तुला फक्त मस्करी करणारा मल्ली म्हणून माहीत आहे. तू कधी त्याला तासभर बघितलंस का? आपला बे वाळूचा, लाटा लहान, म्हणून सर्फिंग शिकायला येणारे सगळे नवखे. तो छातीएवढ्या पाण्यात उभा राहतो, नऊ फुटी सॉफ्टटॉपवर (मऊ बोर्डवर) शंभर किलोचा माणूस पालथा, मागं बघत लाट आली की बोर्ड ढकलायचा आणि ओरडायचं, पॅडल पॅडल, अप! दीड तासाचा एक धडा, सीझनला दिवसाला चार. आणि मग बोर्ड डोक्यावर घेऊन परत. परवा तो रॅकजवळ शर्ट काढून पाठीला बाम चोळायचा प्रयत्न करत होता, हात पोचत नव्हता. उजवा खांदा डाव्यापेक्षा वर आहे त्याचा. आठ वर्षं झाली, मला परवा दिसलं.

आणि किचनमधली अक्का. तुला २०२२ आठवतं का, तू बरीच लहान होतीस. पेट्रोलच्या रांगा, गॅस नाही, मार्चच्या शेवटी तर दिवसाला तेरा तास लाइट नव्हती, पाहुणे सगळे कॅन्सल. सीयांनी, म्हणजे इथल्या आजोबांनी, जागा दिली म्हणून भाडं तरी नव्हतं, नाहीतर आपण तेव्हाच गावाला परत आलो असतो, मी बॅगही काढली होती. मल्ली आणि अक्का अर्ध्या पगारावर राहिले. अक्कानं मागच्या अंगणात तीन दगड मांडून चूल केली, नारळाच्या झावळ्या आणि करवंट्या जाळून आपल्याला खाऊ घातलं. पुढं रूम भरल्या तेव्हा राहिलेला अर्धा पगार मी दिला, उशिरा दिला पण दिला, हिशोब पूर्ण. आणि मला वाटलं झालं.

दर एप्रिलला त्यांच्या नव्या वर्षाला हे दोघं विड्याच्या पानांची जुडी माझ्या हातात देतात, वाकून. मी पाचशे-हजार काढून देतो. त्या दोघांना आपल्या टेबलावर, समुद्राकडं तोंड करून, मी वाढतोय आणि ते खाताहेत असं एकदाही झालेलं नाही. ते किचनच्या मागं उभ्यानं जेवतात. मी नको म्हटलेलं नाही कधी. या असंही म्हटलं नाही.

एकदा मी मल्लीला पोळ्याची गोष्ट सांगायला गेलो होतो, की आमच्याकडं वर्षातून एकदा काम करणाऱ्याला पाहुणा करतात, सजवतात, पहिलं ताट त्याचं. त्याला फार आवडलं, विचारलं कोणाला, मी म्हटलं बैलाला. पुढचे पंधरा दिवस मी दिसलो की हंबरायचा. त्यामुळं आता बैल हा शब्द काढायचा नाही असं अम्मानं बजावलंय.

आम्ही दोघांनी असं ठरवलंय. उद्या संध्याकाळी सांगायचं, परवा जेवण. म्हणजे तुमच्या तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, तू लाकडी नंदी घेऊन बोजारा मागत फिरशील तेव्हा. त्या दिवशी लेसन बंद, इटालियन लोकांना आधीच सांगितलं, ते म्हणाले व्हाय, मी म्हटलं हॉलिडे, पुढं काही सांगितलं नाही. पुरण मी घालणार, इथं चण्याची डाळ मिळते, जायफळ तर इथलंच. पोळी थापायला अम्मा मदत करेल म्हणते पण तिची पोळी पोल रोटीएवढी जाड होईल बहुतेक.

घोडं अडलंय ते 'या' म्हणण्यावर. सिंहलीत साधं या म्हणजे एन्न. एक फार आदराचं आहे, वडिन्न, पण ते भंतेंसाठीच, ते मल्लीला म्हटलं तर तो मी वेडा झालो समजेल. अम्मा म्हणते एन्न पुरे, पण घरी जाऊन सांगायचं, किचनमध्ये उभं राहून नाही, आणि पानांची जुडी या वेळी आपण न्यायची. चूलबंद सांगायचं ठरलंय, अक्काची दोन्ही पोरं आणि मल्लीची म्हातारी आई, सगळे.

तर तू एक काम कर. आबांना विचार, तूप किती गरम करतात, बोट बुडवून बघतात का आणखी कसं. मल्लीच्या खांद्याला मी काही पळसाचं पान लावणार नाही, आणि तूपही नाही, खोबरेल तेल आणि हळद असं अम्माचं म्हणणं आहे, पण चटका बसायला नको. आणि जोडीला आवतन देताना आधी उजव्या बैलाला देतात का डाव्याला, का दोघांच्या मधे उभं राहून एकदाच? मी इतकी वर्षं बाजूला कंदील धरून उभा होतो आणि आठवत नाही बघ. अक्काचं घर आधी लागतं, पण मल्ली जुना आहे. सकाळी उठल्या उठल्या विचारून मेसेज टाक.

बाबा